निकृष्ट सिमेंट, सळई, विटा पदरात पडल्या तर: ग्राहक आयोगापर्यंतची वाट

विटांची गाडी खाली होत होती तेव्हाच विटांचे कोपरे हाताने झडत होते. गाडीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "सर, राखेच्या विटा अशाच असतात, पाणी मारलं की आवळून येतात." परळीला औष्णिक वीज केंद्र असल्याने आमच्याकडे राखेच्या विटांचं कुणाला नवल नाही. चांगल्या विटाही इथेच मिळतात, म्हणून आम्ही विश्वास ठेवला. पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेकडच्या भिंतीचा गिलावा फुगला. तो काढला तर खालच्या दोन थरांतल्या विटा बोटाने कोरता येत होत्या.

तोवर उरलेल्या विटा मोरीच्या पायात भरून झाल्या होत्या. हातात होती ती एक कच्ची चिठ्ठी. त्यावर नग, दर आणि एकूण रक्कम एवढंच, ना दुकानाचं नाव, ना तारीख, ना सही. विटावाला म्हणाला, "या माझ्या विटा कशावरून?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार माणसं मध्ये घालून थोडेफार पैसे परत मिळाले, पण भिंतीचा खर्च घरातूनच गेला.

त्यानंतर भावाच्या, मेव्हण्याच्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या तक्रारी लिहून देताना एक गोष्ट वारंवार दिसली. मोबाईल बिघडला तर तो दुकानात नेऊन ठेवता येतो. सिमेंट भिंतीत जातं, सळई स्लॅबमध्ये गाडली जाते, विटांवर गिलावा चढतो. वस्तूच दिसेनाशी होते आणि तिच्यासोबत पुरावाही. म्हणून या लेखात आयोगाच्या पायऱ्यांआधी माल उतरवून घेण्याच्या दिवसाबद्दल बरंच लिहिलं आहे. अर्धी केस त्याच दिवशी ठरते.

आधी हे ठरवा: तुम्ही ग्राहक आहात का, आणि दाद कुणाविरुद्ध?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. स्वतःच्या राहत्या घरासाठी पैसे मोजून साहित्य घेतलं असेल तर तुम्ही ग्राहक आहात. घरकुल योजनेचं अनुदान मिळालं असलं तरी सिमेंटच्या दुकानात पैसे तुम्हीच भरले आहेत, त्यामुळे घरकुलाचा लाभार्थीही ग्राहकच. "सरकारी पैशाचं घर आहे, तुम्हाला कसली तक्रार" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. विकण्यासाठी किंवा व्यापारासाठी इमारत बांधत असाल तर मात्र हा कायदा सहसा लागू होत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवायचं छोटं दुकान याला अपवाद आहे.

दाद कुणाविरुद्ध मागायची, हे व्यवहार कसा झाला त्यावर ठरतं. साहित्य तुम्ही आणलं आणि गुत्तेदाराला फक्त मजुरी दिली, तर विरुद्ध पक्ष म्हणजे दुकानदार आणि उत्पादक कंपनी. काम मटेरियलसहित दिलं असेल तर गुत्तेदार हा पहिला विरुद्ध पक्ष, कारण त्याने घर बांधून देण्याची सेवा दिली आहे. तुमच्याकडे दुकानदाराचं बिल नसेल तरी गुत्तेदाराशी झालेला करार आणि त्याला दिलेले पैसे पुरतात. दुकानदार, कंपनी आणि गुत्तेदार यांपैकी कुणाचा दोष हे नक्की नसेल तर तिघांनाही सामील करा. एकालाच ओढलं की तो हमखास दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि तो दुसरा समोर नसतो. माल कुठल्या कंपनीचा हे दुकानदार सांगायलाच तयार नसेल, तर उत्पादकाची जबाबदारी त्याच्यावरही येऊ शकते. २०१९ च्या कायद्यात उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात ही तरतूद आहे.

बिल्डरकडून तयार फ्लॅट घेतला असेल तर आणखी एक दार उघडं आहे. रेरा कायद्याच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर मालमत्ता कायदा) कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. ती तक्रार महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे जाते. या लेखाचा पुढचा भाग मुख्यतः स्वतः घर बांधणाऱ्यांसाठी आहे.

माल उतरतो त्या दिवशी

पक्कं बिल घ्या. दुकानदार म्हणतो, "बिल घेतलं तर जीएसटी लागेल, कशाला पैसे घालवता?" सिमेंटवर सध्या १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा मोह होतो हे खरं. पण बिल न घेता वाचलेले पैसे आणि बिल नसल्याने हातचा गेलेला हक्क यांचा हिशेब मी माझ्या घरावर करून पाहिला आहे. बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर कंपनीचं नाव, प्रकार, ग्रेड, नग किंवा वजन, तारीख आणि गाडी नंबर असू द्या. पैसे शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोख दिले असतील तर पावती घ्या. कच्ची चिठ्ठीच हातात पडली असेल तर त्याच दिवशी दुकानदाराला व्हॉट्सॲप करा: "आज तुमच्याकडून अमुक कंपनीच्या ४० गोण्या मिळाल्या, एकूण रक्कम इतकी." त्याचं नुसतं "हो" आलं तरी तो कागद होतो.

सिमेंटच्या गोणीवर आयएसआय चिन्ह, त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक, आयएस क्रमांक (भारतीय मानकाचा क्रमांक) आणि पॅकिंगचा आठवडा व वर्ष छापलेलं असतं. ओपीसी म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटला आयएस २६९ आणि राखमिश्रित पीपीसीला आयएस १४८९ हे मानक लागू आहे. भारतात आयएसआय चिन्हाशिवाय सिमेंट विकता येत नाही. तो परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) बीआयएस केअर या मोबाईल ॲपमध्ये टाकून पाहा. परवाना खरा आहे का, कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, हे लगेच दिसतं. आठवडा क्रमांकाचा फोटो न चुकता काढा. कंपनीकडून त्याच आठवड्याचं चाचणी प्रमाणपत्र मागता येतं आणि पुढे तोच क्रमांक तुमचा धागा ठरतो. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये. आपल्याकडे पावसाळ्यात दुकानाच्या मागच्या शेडमध्ये थप्पीच्या तळाला पडलेल्या गोण्या अशाच असतात. गोणीत हात घालून गाठी लागतात का पाहा. बोटांनी फुटतील त्या गाठी वेगळ्या आणि खड्यासारख्या घट्ट त्या वेगळ्या. घट्ट गाठीची गोणी परत करा. वजनातही फसवणूक होते. गोणीचं निव्वळ वजन ५० किलो भरलं पाहिजे, कमी भरलं तर तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडे करायची.

सळईबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथली फसवणूक डोळ्यांना दिसत नाही. जालना हे सळई उद्योगाचं मोठं केंद्र, मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत तिथलाच माल जातो. तिथे चांगलं काम करणारे कारखाने आहेत, तसा वजनात हलका मालही बाजारात फिरतो. सळई आयएस १७८६ प्रमाणे असावी लागते. ठरावीक अंतरावर उठावदार अक्षरांत उत्पादकाची खूण आणि ग्रेड असते. घरी करता येण्यासारखी तपासणी सोपी आहे: बरोबर १ मीटर लांबीचा तुकडा कापा आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला. ८ मिमीचा तुकडा ३९५ ग्रॅम, १० मिमीचा ६१७ ग्रॅम, १२ मिमीचा ८८८ ग्रॅम आणि १६ मिमीचा साधारण १ किलो ५८० ग्रॅम भरला पाहिजे. थोडी सूट मानकातच आहे. एकेका नमुन्यासाठी १० मिमीपर्यंत ८ टक्के आणि त्यापुढे १६ मिमीपर्यंत ६ टक्के कमी चालतं. म्हणजे १२ मिमीचा तुकडा ८३५ ग्रॅमच्या खाली गेला तर माल मानकात बसत नाही.

लोक म्हणतात, "आम्ही तर किलोवर घेतली, वजन कमी भरलं तर आमचं काय गेलं?" पैशाने गेलं नसेल, पण इंजिनिअरने कॉलममध्ये सहा सळया सांगितल्या त्या संख्येने. सळई बारीक निघाली की नग तेवढेच राहतात आणि कॉलममधलं पोलाद घटतं. सळई नगावर घेतली असेल तर पैसाही गेला आणि ताकदही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-धाराशिवकडची माणसं विसरलेली नाहीत. किल्लारीला दगड-मातीच्या भिंती आणि माळवदं कोसळून हजारो माणसं गेली. त्यानंतरच आपल्या भागात कॉलम-बीमच्या घराकडे लोक वळले, ते जिवाच्या भरवशासाठी. ज्या सळईवर तो भरवसा ठेवायचा तिचं वजन करायला पाच मिनिटं लागतात.

विटांना आयएसआयची सक्ती नाही, म्हणून तिथे बिलावर लिहून घेतलेली अट महत्त्वाची. साधी भाजकी वीट तोलून २४ तास पाण्यात ठेवा आणि पुन्हा तोला. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर वीट जास्त पाणी पिते. सिमेंटचे ब्लॉक किंवा राखेच्या विटा असतील तर दाबशक्ती किती हे बिलावर लिहून घ्या. फरशी आणि टाइल्सच्या खोक्यावर बहुधा छापलेलं असतं की बसवल्यानंतर रंग-आकाराची तक्रार चालणार नाही. म्हणून चार खोक्यांतल्या टाइल्स उन्हात मांडून पाहा आणि मगच मिस्त्रीला बोलवा. पाइप, पाण्याची टाकी, वॉटरप्रूफिंगची रसायनं यांच्यासाठी डबा किंवा वेष्टन जपून ठेवलं आणि वॉरंटी कार्डावर शिक्का घेतला की पुरे.

स्लॅबच्या दिवशी आणखी एक काम करा. ओल्या काँक्रीटचे १५ सेंमीचे सहा ठोकळे भरून ठेवा. साचे प्रयोगशाळेतून किंवा इंजिनिअरकडून मिळतात. तीन ७ दिवसांनी आणि तीन २८ दिवसांनी दाबून बघतात. पुढे स्लॅबबद्दल वाद झाला तर या सहा ठोकळ्यांइतकं स्पष्ट कुणी बोलत नाही. आणि प्रत्येक मालातलं थोडं शेवटपर्यंत राखून ठेवा: एक न फोडलेली गोणी जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, प्रत्येक जाडीच्या सळईचे एकेक मीटरचे तीन-चार तुकडे, दहा-बारा विटा. माझ्याकडे तेवढ्या विटा जरी असत्या तरी विटावाल्याला उत्तर देता आलं असतं.

दोष दिसला की काय करायचं, काय नाही

गिलावा भुगा होतोय, काँक्रीट दोन दिवसांनीही नखाने खरवडतंय, सळई वाकवताना तडकली, असं काही दिसलं की त्या भागातलं काम थांबवा. दुरुस्ती करू नका. घरातली मंडळी म्हणतील, "पाहुणे यायचेत, तेवढा गिलावा मारून घ्या." पण ज्या दिवशी दोष झाकला जातो त्या दिवसापासून तो फक्त तुमच्या तोंडी उरतो. धोका असेल, म्हणजे छत खचतंय किंवा भिंत कलली असेल, तर माणसं आधी बाहेर काढा, टेकू लावा आणि टेकू लावण्याआधी व नंतरचे फोटो काढा.

फोटो जवळून आणि लांबून असे दोन्ही काढा, भेगेच्या शेजारी पट्टी ठेवून. व्हिडिओत तारीख बोलून घ्या. मूळ फाइल मोबाईलमधून पुसू नका. आयोगात असे फोटो दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन जपलेला असला की ते द्यायला सोपं जातं. दोष पहिल्यांदा कधी लक्षात आला ती तारीख वहीत लिहा. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे आणि ही तारीख पुढे कळीची ठरते.

मग दुकानदाराला आणि गोणीवरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर लेखी कळवा. फोनवर बोललात तरी लगेच तेच मेसेजमध्ये लिहा. कंपनीचा तांत्रिक अधिकारी पाहणीला येतो. त्याला घर दाखवा, पण त्याने काय पाहिलं आणि काय मत दिलं ते लेखी मागा. त्याच्या छापील फॉर्मवर "तक्रारीचे निराकरण झाले" अशा ओळीखाली सही मागितली जाते. निराकरण झालं नसेल तर सही नको. सही करावीच लागली तर "फक्त पाहणी झाली, तक्रार कायम" असं स्वतःच्या हाताने लिहून मग करा.

समोरचा काय म्हणेल, हे आधीच ओळखा

मराठवाड्यात जवळपास प्रत्येक सिमेंटच्या वादात पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "तुम्ही पाणी कमी मारलं." एप्रिल-मे महिन्यातलं आपलं ऊन आणि टँकरवर चालणारी गावं पाहता हे उत्तर पटण्यासारखं वाटतं, म्हणूनच त्याची तयारी हवी. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला आणि उष्ण-कोरड्या हवेत किमान १० दिवस ओलावा ठेवायचा असतो. टँकरच्या पावत्या फेकू नका. स्लॅबवर बांधलेले पाण्याचे वाफे, कॉलमला गुंडाळलेलं ओलं बारदान यांचा रोज एक फोटो काढा. भावाच्या घराच्या वेळी टँकरवाल्याच्या अकरा चिठ्ठ्या फायलीला जोडल्यावर कंपनीच्या माणसाने पाण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

दुसरं उत्तर म्हणजे "बोअरचं पाणी खारं आहे." पाण्याची तपासणी करून घ्या, ती फार महाग नसते. तिसरं उत्तर म्हणजे "काळी माती आहे, पाया हलला." हे कधीकधी खरंही असतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तिरक्या भेगा पडतात, त्यात सिमेंटचा दोष नसतो. म्हणून तक्रार करण्याआधी स्वतःच इंजिनिअरकडून खरं कारण काढून घ्या. चुकीच्या माणसाविरुद्ध दोन वर्षं भांडण्यापेक्षा ते बरं. चौथं उत्तर असतं, "मिस्त्रीने वाळू जास्त टाकली." यासाठी मिस्त्रीचं शपथपत्र आणि कामाच्या दिवसांचे गोण्यांचे हिशेब लागतात. घराच्या खर्चाच्या वहीत रोज किती गोण्या फुटल्या हे लिहिलेलं असलं तर ती वहीच पुरावा होते.

चाचणी आणि इंजिनिअरचा अहवाल

ग्राहक आयोग शब्दांवर निकाल देत नाही. माल सदोष होता हे तज्ज्ञाच्या कागदावर यायला हवं. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, नांदेडजवळ विष्णुपुरीची श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था, किंवा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली खासगी प्रयोगशाळा, यांपैकी जिथे हवी ती चाचणी होते तिथे आधी फोन करून नमुना किती आणि कसा हवा ते विचारा. सिमेंटची ताकद २८ दिवसांनीच पूर्ण कळते, त्यामुळे घाई करून उपयोग नाही. पीपीसी २८ दिवसांनी किमान ३३ आणि ५३ ग्रेडचं ओपीसी किमान ५३ मेगापास्कल भरलं पाहिजे.

नमुना काढताना दुकानदाराला आणि कंपनीला दिवस-वेळ लेखी कळवा. ते आले तर त्यांच्यासमोर, नाही आले तर गावातल्या दोन प्रतिष्ठित माणसांसमोर नमुना काढून सील करा, सह्या घ्या, व्हिडिओ काढा. एकाच नमुन्याचे दोन भाग करा, एक प्रयोगशाळेला आणि एक सील करून घरात. हे न केल्यामुळे "हा आमचा मालच नाही" असं म्हणायला समोरच्याला वाव मिळतो.

उरलेलं सिमेंट नसेल, सगळं काँक्रीटमध्ये गेलं असेल, तरी मार्ग बंद होत नाही. स्लॅब किंवा कॉलममधून नळीसारखा तुकडा कापून काढतात, त्याला कोअर चाचणी म्हणतात. आयएस ४५६ नुसार कोअरची सरासरी ताकद अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि कुठलाही एक कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नसावा. हातोडी चाचणी आणि ध्वनिलहरींची चाचणी त्याआधी करतात, कुठे कमजोरी आहे ते शोधायला. मात्र कोअर कमी भरला म्हणजे सिमेंटच वाईट असं सिद्ध होत नाही, खडी-पाण्याचं प्रमाणही चुकलेलं असू शकतं. म्हणून अशा प्रकरणात गुत्तेदारालाही विरुद्ध पक्ष करणं शहाणपणाचं.

इंजिनिअरच्या अहवालात तीन गोष्टी यायलाच हव्यात: दोष काय, तो कशामुळे, आणि दुरुस्तीला किंवा पाडून बांधायला खर्च किती. हा तिसरा आकडा नसेल तर भरपाई अंदाजाने मिळते, म्हणजे कमी मिळते.

हेल्पलाइन १९१५ आणि नोटीस

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. मोठ्या कंपन्या इथल्या तक्रारींना बऱ्याचदा उत्तर देतात, गावातला विटावाला बहुधा देत नाही. आयएसआय चिन्हाचा माल असेल तर सोबत बीआयएस केअरवरही तक्रार टाका. बीआयएस कायदा २०१६ मध्ये मानकात न बसणाऱ्या मालाबद्दल परवानाधारकाला जबाबदार धरण्याची तरतूद आहे.

त्यानंतर नोटीस. कायद्याने ती बंधनकारक नाही, पण पाठवाच. वकिलाची गरज नाही. असं लिहिता येईल:

"मी दिनांक ____ रोजी आपल्या दुकानातून बिल क्र. ____ अन्वये ____ कंपनीचे पीपीसी सिमेंट ६० गोण्या रु. ____ देऊन घेतले. पॅकिंगचा आठवडा ____. दिनांक ____ रोजी दोष लक्षात आला. प्रयोगशाळेचा अहवाल व इंजिनिअरचा दाखला सोबत आहे. सिमेंटची किंमत रु. ____, दुरुस्तीचा खर्च रु. ____ व चाचणीचा खर्च रु. ____ असे एकूण रु. ____ ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यावेत. न दिल्यास मी ग्राहक आयोगात दाद मागेन व त्या खर्चाची जबाबदारी आपली राहील."

रागाचे शब्द, धमकी, "तुम्ही चोर आहात" असलं काही नको. नोटीस आयोगाच्या फायलीत जाणार आहे. दुकानदार आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोहोचल्याची नोंद छापून ठेवा.

तक्रार दाखल करणे

मालाची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. इथे मागितलेली भरपाई मोजत नाहीत, तुम्ही मोजलेली किंमत मोजतात, त्यामुळे घरासाठीच्या जवळपास सगळ्या तक्रारी जिल्ह्यातच बसतात. ५ लाखांपर्यंतच्या किमतीला फी शून्य, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० आणि २० ते ५० लाखांना १००० रुपये. सळई-सिमेंटचं बिल दीड-दोन लाखांचं असेल तर फी लागतच नाही.

बिलाच्या तळाशी "वाद मुंबई न्यायक्षेत्रात" असं छापलेलं पाहून घाबरू नका. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी कुठलीही असो, हिंगोलीच्या माणसाला हिंगोलीतच दाद मागता येते.

तक्रार मराठीत लिहिता येते. आधी तुमचं आणि विरुद्ध पक्षांचं पूर्ण नाव-पत्ता, मग तारखांच्या क्रमाने हकिकत, मग दोष आणि त्याचा अहवाल, मग मुदतीत तक्रार केल्याचं वाक्य, आणि शेवटी मागणी. मागणीत कंजूसपणा नको आणि फुगवटाही नको: मालाची किंमत व्याजासह परत, पाडून पुन्हा बांधण्याचा खर्च, चाचणी व इंजिनिअरची फी, या काळात भाड्याने राहावं लागलं असेल तर ते भाडं, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. मालाची किंमत तेवढी मागून गप्प बसणारे खूप पाहिले. वीस हजारांच्या सिमेंटने दोन लाखांचा स्लॅब गेला असेल तर नुकसान दोन लाखांचं आहे. सोबत शपथपत्र, कागदांची यादी आणि प्रती. आयोगासाठी आणि प्रत्येक विरुद्ध पक्षासाठी स्वतंत्र संच लागतो. ऑनलाइन दाखल करायची असेल तर ई-जागृती हे पोर्टल २०२५ पासून सुरू आहे.

वकील लावायचा की नाही? साध्या प्रकरणात स्वतः उभं राहता येतं. स्लॅब, कॉलम, मोठी कंपनी आणि तज्ज्ञांची उलटतपासणी असेल तर मी वकील लावा असंच म्हणेन. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, हेल्पलाइन १५१००. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

एकाच दुकानातून एकाच खेपेचा माल घेतलेली घरकुलाची दहा घरं असतील तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. खर्च वाटला जातो, आणि दहा घरांत सारखाच दोष दिसला की "मिस्त्रीची चूक" हे उत्तर फार टिकत नाही.

सुनावणीत आणि नंतर

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे आयोगाने साधारण २१ दिवसांत ठरवायचं असतं. मग विरुद्ध पक्षाला नोटीस जाते. लेखी म्हणणं मांडायला त्याला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ४५ दिवसांपलीकडे आयोग मुदत देऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. विरुद्ध पक्ष तारखा मागत राहिला तर हे नम्रपणे निदर्शनास आणा.

तुमचा अहवाल विरुद्ध पक्षाने नाकारला आणि चाचणीशिवाय दोष ठरत नसेल, तर आयोग स्वतः नमुना सील करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला पाठवतो. तिथला अहवाल ४५ दिवसांत यायचा असतो आणि चाचणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. घरात सील करून ठेवलेला दुसरा नमुना इथे कामी येतो. कायद्यात चाचणी लागणाऱ्या प्रकरणाला ५ महिने सांगितले आहेत, प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात. दरवेळी जिल्ह्याला जाणं जमत नसेल तर व्हिडिओवर सुनावणीसाठी अर्ज करता येतो.

मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर ऐका. पूर्ण पैसे आणि दुरुस्ती मिळत असेल तर घर लवकर उभं राहतं. पण तडजोड कागदावर, रक्कम आणि तारखेसह, आयोगासमोर नोंदवूनच करा. "साहेब, महिन्याभरात देतो" यावर तक्रार मागे घेऊ नका.

निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येतं, आणि मराठवाड्यासाठी राज्य आयोगाचं परिक्रमा खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला बसतं. विरुद्ध पक्षाने अपील केलं तर त्याला आदेशाची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. निकाल तुमच्या बाजूने लागूनही पैसे आले नाहीत तर अंमलबजावणीसाठी दरखास्त करा. कलम ७१ प्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते. कलम ७२ प्रमाणे आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षे कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. ही दरखास्त दाखल झाल्यावर वर्षभर फोन न उचलणारी माणसं स्वतःहून घरी आलेली मी पाहिली आहेत.

आणि २ वर्षांची मुदत उलटून गेली असेल, तर उशिराचं खरं कारण सांगून माफीचा अर्ज तक्रारीसोबत जोडा. दवाखाना, ऊसतोडीला बाहेरगावी जाणं, कंपनीने "बघतो, बघतो" म्हणत लांबवलेले महिने, जे खरं असेल ते कागदासह लिहा. आयोग कारण पटलं तर उशीर माफ करतो. कंपनीचे ते "बघतो" म्हणणारे मेसेज म्हणूनच पुसायचे नसतात.